नाव, गाव, पत्ता

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिश भाषक देशांतल्या, लोकांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ १९ टक्के, आणि त्या आकड्याच्या बातम्या चोहीकडे झळकल्या. दोन वर्षांनी त्याच जनगणना खात्याने आपल्या कामाची फेरतपासणी करून जे जाहीर केले, त्याची मात्र फारशी वाच्यता झाली नाही. हिस्पॅनिक लोकांपैकी सुमारे ५ टक्के लोक मोजणीतून निसटले होते. २०१० मध्ये हेच प्रमाण दीड टक्का होते. मधल्या दहा वर्षांत मोजणीची साधने सुधारली, घरबसल्या इंटरनेटवरून माहिती भरण्याची सोय झाली, आणि निसटणाऱ्यांचे प्रमाण तिपटीहून अधिक वाढले. महामारी हे त्याचे एक कारण खरेच. दुसरे असे, की ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का’ हा प्रश्न जनगणनेत घालण्याचा घाट सरकारने २०१८ मध्ये घातला होता. सर्वोच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये तो अडवला आणि प्रश्न काही छापला गेला नाही. पण ज्यांच्या कानांवर तो एकदा पडला होता त्यांच्या मनातून तो खोडून काढणे कोणत्याच न्यायालयाच्या हाती नव्हते.

मोजणीतून माणूस निसटला की त्याच्यापाठोपाठ शाळेचा, दवाखान्याचा, रस्त्याचा निधी निसटतो आणि कायदेमंडळातल्या जागांचे वाटपही बिघडते. हे इथल्या मजूर वस्तीतही सगळ्यांना ठाऊक असते, कारण जनगणनेच्या वर्षी त्याची पत्रके दारोदार वाटलेली असतात. तरीही एखादे कुटुंब दार न उघडण्याचे ठरवते, तेव्हा ते अडाणीपणापायी तसे करते असे शिकलेली माणसे फार चटकन म्हणून टाकतात. मला तसे वाटत नाही. त्या न उघडलेल्या दारामागे जवळजवळ शंभर वर्षांचा अनुभव असतो, आणि मी राहते त्या कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात तो घरोघरी सापडतो.

मी मूळची सांगलीकडची, त्यामुळे फ्रेस्नोला राहायला आल्यावर इथल्या द्राक्षबागा पाहून आधी वाटली ती आपुलकीच. थॉमसन सीडलेस ही जात कॅलिफोर्नियातून आपल्याकडे आली आणि तिच्यातूनच तासगावच्या बागाइतदारांनी तास-ए-गणेश काढली, एवढे आमच्या भागात शाळकरी मुलांनाही माहीत असते. आपल्याकडे बेदाणा शेडमध्ये, सावलीत, जाळ्यांवर वाळतो. इथे सेल्मा, फाउलर, कर्मन या गावांच्या आसपास सप्टेंबर महिन्यात घड कापून दोन ओळींमधल्या तापलेल्या जमिनीवर कागद अंथरून त्यांवर पसरतात. कापणारी माणसे वेलीखाली जवळजवळ रांगत असतात. डोक्याला टोपी, टोपीखालून मान आणि तोंड झाकणारा रुमाल, हातात लहानसा आकडी चाकू आणि पुढ्यात घमेले; घमेले भरले की ते कागदावर रिते करायचे, घड हाताने एकसारखे पसरायचे आणि पुढे सरकायचे. मजुरी कागदामागे मिळते, म्हणून मुकादम, ज्याला ते मायोर्दोमो म्हणतात, कोणाचे किती झाले याची मांडणी करीत ओळीओळीतून फिरतो. फ्रेस्नो काउंटीत निम्म्याहून अधिक वस्ती हिस्पॅनिकांची आहे. बहुतेक लोक मेक्सिकोतून आलेले किंवा आलेल्यांची मुले-नातवंडे. त्यांतल्या ओआहाका प्रांताकडच्या मिश्तेक, सापोतेक, त्रिकी लोकांची तर मायबोली स्पॅनिशसुद्धा नाही, पण सरकारी रकान्यात सगळे एकाच खुणेखाली येतात.

माझे पोटापाण्याचे काम माहितीचे तक्ते सांभाळण्याचे आहे. एका तक्त्यातला माणूस दुसऱ्या तक्त्यातल्या माणसाशी जुळवायचा, दोन नोंदी एकाच्या आहेत की दोघांच्या हे ठरवायचे, असा हा व्यवसाय. त्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. नाव ही फार कच्ची खूण आहे. एकट्या आमच्या खोऱ्यात एकाच नावा-आडनावाचे शेकडो लोक निघतील. जन्मतारीख जोडली की चाळणी बारीक होते. पण ज्याला माणूस प्रत्यक्ष गाठायचा आहे त्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा रकाना पत्त्याचा, कारण पत्ता सतत शिळा होत असतो आणि ताजा पत्ता माणसाने स्वतःहून सांगितल्याशिवाय सहसा मिळत नाही. स्थलांतरितांना हुडकणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे नावांचा तोटा कधीच नव्हता. तिला हवे होते ते पत्ते, आणि आजवरचा इतिहास पाहिला तर ते तिला बहुतेक वेळा लोकांनीच, कसल्यातरी भल्या कामासाठी, विश्वासाने दिलेले आहेत.

१९३० च्या दशकातील महामंदीच्या काळात लॉस एंजेलिस काउंटीच्या मदत कार्यालयाकडे धान्यासाठी आणि भत्त्यासाठी ज्यांनी नावे नोंदवली होती, त्या मेक्सिकन कुटुंबांनाच पुढे मेक्सिकोला जाणाऱ्या गाड्यांची तिकिटे काढून देण्यात आली. देशभरातून त्या वर्षांत लाखो लोक असे गेले किंवा घालवले गेले, आणि त्यांत अमेरिकेतच जन्मलेल्या, म्हणजे कायद्याने पूर्ण नागरिक असलेल्या मुलांचा भरणा मोठा होता. कॅलिफोर्निया राज्याने त्याबद्दल कायदा करून माफी मागितली ती २००५ मध्ये.

मंदी सरली, युद्ध आले आणि शेतात माणसे कमी पडू लागली, तसे त्याच मेक्सिकोला अमेरिकेने मजूर मागितले. १९४२ ते १९६४ या काळात चाललेल्या या ब्रासेरो योजनेत सुमारे ४६ लाख करार झाले. सीमेवरच्या केंद्रांत मजुरांना उघडे करून तपासत, अंगावर डीडीटीची भुकटी फवारत, हातांचे घट्टे पाहत, आणि मग प्रत्येकाच्या नावाचा करार आणि ओळखपत्र तयार होई. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून १० टक्के रक्कम कापून घेतली जाई. परत गेल्यावर मेक्सिकोतल्या बँकेतून ती मिळेल असे सांगितलेले असे. असंख्य लोकांना ती कधीच मिळाली नाही. मेक्सिको सरकारने अखेर २००५ मध्ये निधी उभारून हयात ब्रासेरोंना किंवा त्यांच्या वारसांना ३८,००० पेसो देऊ केले, तेव्हा अट घातली ती त्या काळातला मूळ करार किंवा पगाराची पावती दाखवण्याची. ज्यांनी साठ वर्षे तो कागद ट्रंकेच्या तळाशी जपला होता त्यांना पैसे मिळाले. बाकीच्यांची हाडे त्याच शेतांत झिजली होती, पण दाखवायला कागद नव्हता.

म्हणजे नोंद केली तरी धोका आणि न केली तरी नुकसान. आमच्या खोऱ्यातला माणूस या दोहोंमध्ये शहाणपणाने वाट काढत असतो, आणि त्याला त्यात सगळ्यांत जास्त साथ दिली आहे ती रेडिओने. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचे नाव कळत नाही, हा रेडिओचा तांत्रिकदृष्ट्या दोषच म्हणायचा. जाहिरातदार तर त्याबद्दल नेहमी कुरकुरतात. इथे मात्र तोच त्याचा मोठा गुण ठरला. ‘रादिओ बिलिंग्वे’ हे केंद्र फ्रेस्नोमध्ये ४ जुलै १९८० रोजी सुरू झाले. ते उभारणारे ऊगो मोरालेस हे ओआहाकातले मिश्तेक. लहानपणी कॅलिफोर्नियाच्या बागांत राबलेले आणि पुढे हार्वर्डला कायदा शिकलेले. वकिली करून पैसा मिळवायचे सोडून ते खोऱ्यात परतले आणि शेतमजुरांसाठी सार्वजनिक रेडिओ काढून बसले. तिथे स्पॅनिशमधून बातम्या आणि सल्ला तर मिळतोच, पण ‘ला ओरा मिश्तेका’ हा मिश्तेक भाषेचाही कार्यक्रम आहे, आणि तो उपग्रहामार्फत पलीकडे ओआहाकापर्यंत ऐकू जातो. बागेत ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या पिकअप ट्रकची दारे उघडी टाकून हे केंद्र लावलेले मी अनेकदा ऐकले आहे. किमान वेतन किती, ऊन किती चढले की सावली आणि पाणी देणे मालकावर बंधनकारक आहे, औषध फवारलेल्या शेतात किती वेळाने उतरावे, ही सगळी माहिती घड कापता कापता कानावर पडते आणि ती ऐकल्याची नोंद कुठेही राहत नाही.

रेडिओची खरी ताकद देशाला कळली ती २००६ मध्ये. कागदपत्रांविना राहणे हाच फौजदारी गुन्हा ठरवणारे विधेयक प्रतिनिधिगृहात डिसेंबर २००५ मध्ये मंजूर झाले होते. लॉस एंजेलिसमधले सकाळचे स्पॅनिश निवेदक, एरवी चावट विनोद करणारे आणि आपसांत हाडवैर असलेले, या एका विषयावर एक झाले. ‘पिओलिन’ आणि ‘एल कुकुई’ या टोपणनावांनी घराघरांत पोहोचलेल्या दोघांनी श्रोत्यांना सांगितले, की पांढरे कपडे घाला, मुलाबाळांना आणा, अमेरिकेचा झेंडा घ्या आणि जाताना आपला कचरा उचलून न्या. २५ मार्चला लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर अंदाजे पाच लाख लोक उतरले. त्या दिवशी कोणी कोणाची यादी केली नव्हती, कोणाला निमंत्रणपत्र गेले नव्हते, आणि पोलीस खात्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत कोणालाही एवढ्या गर्दीची चाहूल लागली नव्हती, कारण ते सारे पहाटे लागणारे स्पॅनिश केंद्र ऐकतच नसत. ते विधेयक सिनेटमध्ये अडकले आणि तिथेच मेले.

आज तसा मोर्चा कसा निघेल याचा विचार केला, तर तो फोनवरून निघेल. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक प्रौढांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक व्हॉट्सॲप वापरतात. गोऱ्या अमेरिकनांत हे प्रमाण बरेच कमी आहे. गावाकडची आई, सीमेपलीकडचा भाऊ, कामावरचा मुकादम आणि चर्चचा गट, सगळे एकाच खिशात. पण रेडिओवर बोलणाऱ्याला निदान आवाजाची आणि नावाची लाज असते. मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका बाईंनी मला एक ध्वनिसंदेश ऐकवला: अमुक दुकानाच्या वाहनतळावर आईसचे (स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे) लोक आले आहेत, बाहेर पडू नका. त्या दोन दिवस कामावर गेल्या नाहीत, मुलीलाही शाळेत पाठवले नाही. तो संदेश जुना आणि दुसऱ्याच राज्यातला निघाला. अफवेचे हे तंत्र आपल्याला नवे नाही; आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपवर काय काय फिरते ते मी सांगायला नको. फरक एवढाच, की इथे अफवा खोटी ठरली तरी तिच्या पोटातली भीती खरी असते.

खरी का, ते सांगते. १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या मुलांसाठी ‘डाका’ योजना जाहीर केली. ज्यांना या देशाशिवाय दुसरा देशच आठवत नाही अशा मुलामुलींनी पुढे यावे, बोटांचे ठसे द्यावेत, घरचा पत्ता द्यावा, शाळेचे दाखले द्यावेत आणि दोन वर्षांचा, पुढे वाढवता येणारा कामाचा परवाना घ्यावा. अनेक घरांत त्यावरून वाद झाले. मुले म्हणत, आता लपून राहायचे नाही. आया म्हणत, तुझा पत्ता तोच माझा पत्ता आहे. आठ लाखांहून अधिक तरुणांनी नोंद केली. पाच वर्षांनी नव्या सरकारने योजना गुंडाळण्याची घोषणा केली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा रद्द केली, आणि २०२१ पासून टेक्ससमधल्या एका न्यायालयाच्या निकालामुळे नवे अर्ज मंजूर होणे थांबले आहे. आईचा युक्तिवाद अजून कोणी खोडलेला नाही.

त्यानंतरचा प्रसंग तर सरळ सरळ ॲपचा आहे. जानेवारी २०२३ पासून आश्रय मागणाऱ्यांना सीमेवरच्या नाक्यावर हजर होण्याची वेळ ‘सीबीपी वन’ नावाच्या मोबाइल ॲपवर मिळवावी लागे. तिहुआना, रेनोसा, मातामोरोसच्या छावण्यांत माणसे दिवसातून काही काळ मिळणाऱ्या विजेवर फोन चार्ज करून, मांडीवरच्या पोराचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून बसत, कारण कुटुंबातल्या प्रत्येकाचा फोटो ॲपने स्वीकारल्याखेरीज पुढचे पान उघडत नसे. आणि गडद रंगाचे चेहरे ओळखताना ते वारंवार अडखळत असे. ॲप इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीयन क्रेओल एवढ्याच भाषांत होते. हजर होण्याच्या अशा सुमारे १,४५० वेळा रोज वाटल्या जात. नऊ लाखांहून अधिक लोक या वाटेने, सरकारने घालून दिलेल्या रांगेत उभे राहून, रीतसर आत आले. २० जानेवारी २०२५ रोजी नव्या अध्यक्षांचा शपथविधी झाला आणि थोड्याच वेळात ॲपवर संदेश आला, की दिलेल्या सर्व वेळा रद्द झाल्या आहेत. एप्रिल महिन्यात, ॲपवरून आधीच आत आलेल्यांना ईमेल गेले, की तुमचा परवाना संपवण्यात आला आहे, देश सोडा. ज्यांनी नदी पोहून ओलांडली होती आणि कोणालाही काही सांगितले नव्हते, त्यांना असे ईमेल गेले नाहीत; जाणार कुठे, त्यांचा पत्ताच नव्हता. रांगेचा आदर करणाऱ्याला रांगेतून वेचून काढणे याहून सोपे काय असते?

त्याच एप्रिल महिन्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. १९४० च्या परकीय नोंदणी कायद्यातली तरतूद पुन्हा उकरून काढून कागदपत्रे नसलेल्या १४ वर्षांवरील सर्वांनी स्वतःहून नोंद करावी असा नियम लागू झाला. आणि प्राप्तिकर खात्याने आपल्याकडचे पत्ते आईसला देण्याचा करार केला. करदात्याची माहिती गुप्त राहील अशी हमी देणारा कायदा अमेरिकेत १९७६ पासून आहे, वॉटरगेट प्रकरणातून शिकून केलेला. म्हणून करारावरून न्यायालयात लढाया सुरू झाल्या आणि खात्याच्या प्रभारी आयुक्त पायउतार झाल्या. जून महिन्यात गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेतली कॅलिफोर्नियासह काही राज्यांची माहिती गृहसुरक्षा खात्याकडे गेली, त्यावर राज्ये न्यायालयात गेली. डॉक्टरला दाखवताना दिलेला पत्ता, कर भरताना दिलेला पत्ता. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर हे दोन तक्ते जोडणे हा एका दुपारचा उद्योग आहे, आणि ते वेगळे ठेवणारी भिंत तंत्रज्ञानाची कधीच नव्हती, फक्त कायद्याची होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या धरपकडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जो अंतरिम आदेश दिला, त्याने तर नोंदीचीही गरज उरू दिली नाही. वंश, स्पॅनिश बोलणे किंवा इंग्रजीचा हेल, उभे राहण्याची जागा आणि कामाचा प्रकार, एवढ्याच गोष्टींवरून कोणालाही अडवू नये असा खालच्या न्यायालयाचा मनाईहुकूम होता. तो स्थगित झाला. अडवणाऱ्याच्या फोनमध्ये आता चेहरा ताडून पाहणारे ॲपही असते. तिसऱ्या पिढीचे नागरिक असलेले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, ज्यांना धड स्पॅनिशही येत नाही, हल्ली बागेत पाण्याच्या नळ्या पाहायला जाताना पासपोर्ट खिशात ठेवतात आणि त्यावरून स्वतःचीच थट्टा करतात.

इतके सगळे असताना २०२४ मध्ये जवळजवळ निम्म्या हिस्पॅनिक मतदारांनी याच सरकारला मते दिली, याचे आमच्या मंडळींना फार नवल वाटते. टेक्ससमधल्या स्टार काउंटीत ९७ टक्के वस्ती हिस्पॅनिकांची, आणि शंभराहून अधिक वर्षांनी तिथे रिपब्लिकन उमेदवाराला बहुमत मिळाले. मला त्यात फारसे नवल दिसत नाही. महागाई होती, चर्च होते, सीमेवरच्या गावांत सरकारी नोकरी बहुधा सीमा सुरक्षेचीच असते; आणि यांशिवाय एक गोष्ट होती जी मी माझ्याच घराच्या बैठकीत ऐकली आहे. ‘आम्ही रांगेत उभे राहून आलो.’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये जितक्या ठसक्यात उच्चारले जाते तितक्याच ठसक्यात ते गणेशोत्सवाच्या जेवणाच्या पंगतीत मराठीतून उच्चारले जाते. नोंद झालेला माणूस नोंद न झालेल्याकडे जरा वरूनच पाहतो.

खरे पाहता व्हिसावर आलेल्या आम्हा लोकांइतकी नोंद क्वचितच कोणाची झालेली असेल. दहा बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो, मालकाचे नाव. आणि घर बदलले की दहा दिवसांत नवा पत्ता कळवण्याची कायद्याने सक्ती. आम्ही तो बिनबोभाट कळवतो, कारण आजवर त्याने आमचे काही बिघडले नाही. २० जानेवारी २०२५ चा जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा आदेश निघाला तेव्हा मात्र पंगतीतला आवाज खाली आला. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नाही, अशा जोडप्याच्या बाळालाही नागरिकत्व नाकारणारी त्याची भाषा होती, आणि ती आमच्यातल्या कित्येकांना तंतोतंत लागू पडत होती. न्यायालयांनी तो रोखला, तोही बिगरनागरिक आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या वाँग किम आर्कला नागरिक ठरवणाऱ्या १८९८ मधल्या निकालाच्या आधारे. त्यानंतर पंधरा दिवसांत, १०४ भारतीयांना, त्यांतल्या अनेकांना हातापायांत बेड्या घालून, घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते.

जाता जाता विदर्भातल्या एका माणसाची आठवण करून देते, कारण मेक्सिको म्हटले की ती मला येतेच. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. ब्रिटिशांच्या दफ्तरी नाव चढलेले, मायदेशाची दारे बंद झालेली, असा हा माणूस १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचला. चापिंगोच्या कृषी विद्यालयाने त्यांना प्राध्यापक केले. त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालवल्या. दिएगो रिव्हेराने भिंतीवर रंगवलेल्या एका चित्रात ते भाकरीच्या मेजाशी बसलेले आहेत. एका देशाच्या यादीतला राजद्रोही दुसऱ्या देशाच्या भिंतीवर अन्नदाता झाला. आमच्या पंगतीत ही गोष्ट सांगितली की लोक कौतुकाने ऐकतात आणि विषय बदलतात.

दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शनिवारी मी एका सभागृहात कमी उत्पन्नाच्या लोकांचे कराचे अर्ज मोफत भरून देणाऱ्या गटात बसते. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांसाठी १९९६ पासून कराचा वेगळा क्रमांक मिळतो. कागदपत्रे नसलेल्या लोकांनी २०२२ मध्ये केंद्र, राज्य आणि स्थानिक मिळून सुमारे ९,६७० कोटी डॉलर कर भरला, असा इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेचा हिशेब आहे. त्यातला मोठा हिस्सा अशा पेन्शन योजनेत जातो जिचा पैसाही त्यांना मिळणार नाही. मग ते भरतात कशाला, हे मी सुरुवातीला विचारत असे. उत्तर १९८६ मध्ये आहे. त्या वर्षी रेगन सरकारच्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला, आणि तो मिळवण्यासाठी दाखवावे लागले ते कागद: १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून इथे आहोत हे सांगणाऱ्या भाड्याच्या पावत्या आणि विजेची बिले, किंवा शेतात काम केल्याचे दाखवणाऱ्या मजुरीच्या चिठ्ठ्या. ज्यांच्याकडे ते होते त्यांची नातवंडे आज इथे शिक्षक आणि पोलीस आहेत. म्हणून खोऱ्यात प्रत्येक घरी बुटांच्या खोक्यात कागद साठवलेले असतात.

गेल्या हंगामात असेच खोके घेऊन एक पन्नाशीचे गृहस्थ आले, बरोबर हायस्कूलमध्ये शिकणारी मुलगी दुभाष्या म्हणून. खोक्यात दर वर्षीच्या अर्जाची प्रत वर्षवार रबर लावून ठेवलेली. आम्ही त्यांच्यापुढे पत्रक ठेवले, ज्यात प्राप्तिकर खात्याच्या कराराबद्दल आणि त्यावरच्या खटल्यांबद्दल स्पॅनिशमध्ये माहिती होती. भरा किंवा भरू नका असा सल्ला द्यायची आम्हाला परवानगी नाही. त्यांनी ते मुलीकडून दोनदा वाचून घेतले. मग म्हणाले, माझा पत्ता त्यांच्याकडे वीस वर्षांपासून आहे, आता लपवून काय होणार. पण उद्या कायदा आला आणि यंदाचाच कागद नसला, तर? त्यांनी अर्ज भरला. त्यांच्यामागे बसलेल्या तरुण जोडप्याने तेच पत्रक वाचले, आपसांत मिश्तेकमध्ये बराच वेळ बोलले, आणि कागद पिशवीत परत घालून उठले. आम्ही अडवले नाही.

संध्याकाळी आमच्या गटात त्यावरून वाद झाला, तो चौकशीला येणाऱ्यांच्या वहीचा. नाव, गाव, पत्ता असे तिचे तीन रकाने. कोण आले याची नोंद नसेल तर पुढच्या वर्षीचा निधी कशाच्या आधारे मागायचा, असे संस्थेच्या व्यवस्थापक बाईंचे म्हणणे, आणि ते चुकीचे नव्हते. बरीच घासाघीस होऊन ठरले, की यापुढे वहीत फक्त आलेल्यांचा आकडा लिहायचा. निधी देणाऱ्या संस्थेने आकड्यापुढे नावे का नाहीत असे विचारणारे पत्र पाठवले आहे. त्याच्या उत्तराचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.